'भ'साठी दोन ठोकळे

इंग्रजी शब्दकोशात 'बी'ला लागून 'एच' अशी सुरुवात असलेले शब्द शोधायला बसलं, तर काम लवकर आटोपतं. भजन, भक्ती, भाजी, भांग, भांगडा, भिंडी, भिस्ती, भूत, हिमालयातली रानमेंढी 'भरल' असे थोडेच शब्द हाती लागतात, आणि त्यांतला जवळपास प्रत्येक शब्द आपल्याकडून तिकडे गेलेला निघतो. 'डी-एच'ची यादी थोडी मोठी आहे, 'जे-एच'ची अगदी चिमुकली. स्क्रॅबल खेळणारे अशा याद्या करतात आणि तोंडपाठ करतात. भाषेवर जीव असलेल्या पुष्कळांना मात्र हे पाठांतर खटकतं.

मीरा रोडच्या आमच्या घरात ही दोन्ही मतं नांदतात. माझा भाऊ गिरगावातल्या छापखान्यांमध्ये मुद्रितशोधक होता. माझी मुलगी स्क्रॅबलच्या स्पर्धा खेळते. शब्द आधी अक्षरांनी ओळखावा की अर्थाने, यावर दोघांचं बोलणं झालं, ते इथे मांडते आहे. मामा-भाचीचं हे बोलणं फक्त एका खेळापुरतं नाही, असं मला वाटतं.

मामा : तुझी ती वही चाळली मी. पानंच्या पानं इंग्रजी शब्द लिहिलेत आणि समोर अर्थाचा रकानाच नाही. हे कसलं शब्दज्ञान?

भाची : मामा, ती वही खेळायची आहे. ठोकळे मांडताना कुणी अर्थ विचारत नाही. शब्द मान्य यादीत आहे का, एवढंच बघतात. आमच्या स्पर्धांमध्ये कॉलिन्सची यादी चालते, तिच्यात पावणेतीन लाखांहून जास्त शब्द आहेत. प्रत्येकाचा अर्थ घेऊन बसले तर जन्म पुरायचा नाही. म्हणून आम्ही गट पाडतो. क्यू आहे पण यू नाही, असे शब्द. नुसत्या स्वरांचे शब्द. दोन अक्षरी शब्द. आणि हे बी-एच, डी-एच, के-एच.

मामा : गट पाडायला माझी हरकत नाही. पण गट पाडायचा तर काहीतरी सूत्र हवं. दोन अक्षरं शेजारी आली, हे काय सूत्र झालं?

भाची : खेळात तेच सूत्र लागतं. एक दाखवते. बोर्डावर कुणीतरी 'हाजी' मांडलाय. एच, ए, जे, आय. एचचे ४ गुण, जेचे ८, बाकीच्या दोघांचा एकेक, म्हणजे १४. माझ्याकडे एक बी आहे. तो मी पुढे लावला की 'भाजी' होते. बीचे ३ धरून १७ गुण मिळतात, शिवाय त्या बीवरून उभा शब्द मांडायची सोय होते. याला आम्ही फ्रंट हुक म्हणतो. इंग्रजीत फाशी देण्याला 'हँग' म्हणतात, त्याला बी लावला की 'भांग'. घुबडाच्या घूत्काराला 'हूट' म्हणतात, त्याला बी लावला की 'भूत'. टोपीचा 'हॅट' घेतला आणि पुढे जी लावला की 'घाट'. हे आयत्या वेळी सुचत नाही. यादी डोक्यात असावी लागते.

मामा : हे ऐकायला गमतीचं आहे, कबूल. पण तू भाजी मांडलीस ती १७ गुणांची. कढईतली नाहीच.

भाची : बोर्डावर सगळेच शब्द गुणांचे असतात. 'ब्रेड'सुद्धा. आणि मला सांग, तू आयुष्यभर प्रुफं वाचलीस. मुद्रितशोधक अर्थ वाचतो की अक्षरं? तूच मला सांगायचास, की मजकुरात गुंतलं तर चूक निसटते. म्हणून काही जण ओळ उलटीकडून वाचतात, शब्दाचा अर्थ लागूच नये म्हणून.

मामा : बरोबर धरलंस. अक्षरं वाचायची म्हणजे अक्षरंच वाचायची, ही आमची पहिली शिकवण. पण ती कशासाठी होती? वाचणाऱ्याला अर्थ नीट पोचावा म्हणून. 'दिन' आणि 'दीन' यांत एका वेलांटीचा फरक. ती वेलांटी मी धरून ठेवायची, कारण तिच्यावर अर्थ उभा आहे. तुझ्या खेळात अक्षरांपलीकडे काही उभंच नाही.

भाची : आहे ना. गणित उभं आहे. आल्फ्रेड बट्स नावाच्या अमेरिकन वास्तुविशारदाची १९३०च्या दशकातल्या मंदीत नोकरी गेली, तेव्हा त्याने हा खेळ रचायला घेतला. त्याने वर्तमानपत्रांच्या पानांवरची अक्षरं मोजली. कुठलं अक्षर किती वेळा येतं ते बघून ठोकळे ठरवले. इंग्रजीत ई सर्वांत जास्त येतो, म्हणून ईचे १२ ठोकळे आणि गुण फक्त १. क्यू आणि झेड क्वचित येतात, म्हणून एकेकच ठोकळा आणि १० गुण. एकूण ९८ अक्षरं आणि २ कोरे ठोकळे. पुढे जेम्स ब्रुनोने १९४८ मध्ये त्याला स्क्रॅबल हे नाव दिलं. म्हणजे सुरुवातच मोजणीतून झाली आहे.

मामा : मोजणीबद्दल मला आदरच आहे. खिळ्यांची केसही अशीच भरायचे. जे अक्षर जास्त लागतं त्याचा खण मोठा आणि हाताशी, क्वचित लागणारं अक्षर वरच्या कोपऱ्यात. पण हे गणित इंग्रजीचं आहे. आपली भाजी त्यात बसवायची तर तिचे दोन तुकडे होतात. 'भ' हे आपलं एक अक्षर. तुझ्या बोर्डावर त्याला दोन ठोकळे लागतात.

भाची : आणि म्हणूनच बी-एचची यादी अशी वेगळी उठून दिसते! इंग्रजीत 'ब'चा 'भ' केला म्हणून शब्द बदलत नाही. आपल्याकडे बार आणि भार वेगळे, दार आणि धार वेगळे, जरा आणि झरा वेगळे. ज्या भाषेला हा भेद लागत नाही, तिला बीपुढे एच लिहायचं कारणच पडत नाही. अस्सल इंग्रजी शब्दांत बी आणि एच शेजारी येतात ते फक्त सांध्यावर. 'क्लबहाउस' म्हणजे क्लब आणि हाउस. 'सबह्यूमन'चंही तसंच. शब्दाच्या सुरुवातीला बी-एच दिसला की हा शब्द भारतातून आला, हे मला अर्थ न बघता कळतं.

मामा : हे मात्र मोलाचं बोललीस. पण यातच माझा मुद्दा आहे. हा एच तिथे आपोआप आला नाही. कुणीतरी बसून ठरवलं आहे. विल्यम जोन्सने कलकत्त्यात १७८८ साली लेख छापला, आशियातले शब्द रोमन लिपीत कसे लिहावेत यावर. पुढे अशा लिप्यंतराची हंटरची पद्धत सरकारी दप्तरात रुजली. महाप्राण अक्षर आलं की रोमनमध्ये एच जोडायचा, ही शिस्त या खटपटीतून पक्की झाली. त्याआधी गोरा साहेब कानाला येईल तसं लिहायचा. भरूचचं त्याने 'ब्रोच' केलं होतं. तिथे बीपुढे एच कुठे आहे? आपल्या ठाण्यालाही एच धड नव्हता. १८५३ मध्ये बोरीबंदरहून पहिली आगगाडी निघाली ती 'टॅना'ला, टी-ए-एन-एन-ए-एच. एच होता, पण तो शेवटी लटकलेला. ठ साठी नव्हताच.

भाची : आता तेच ठाणे बोर्डावर चालतं, ठाऊक आहे? टी-एच-ए-एन-ई. विशेषनाम म्हणून नाही चालत. स्कॉटलंडात सरदाराला 'थेन' म्हणायचे, शेक्सपिअरच्या मॅकबेथमध्ये येतो तो. स्पेलिंग तेच. मीरा रोड ज्या जिल्ह्यात आहे तो जिल्हा ८ गुणांना मांडता येतो.

मामा : मांडता येतो तो थेन. ठाणे नव्हे. बघ, अक्षरं तीच, शब्द निराळा. नुसत्या यादीने हे कळलं असतं का तुला?

भाची : यादीमुळेच शोधलं ना मी. नाहीतर मॅकबेथपाशी कशाला गेले असते?

मामा : बरं, मग डी-एचची यादी काढ. तिच्यावर मला बोलायचं आहे.

भाची : ही घे. धोबी, धोती, धर्म, धरणं, ध्यान, ढोल, ढोलक, धनसाक, डाळ, दरी, ढाक.

मामा : थांब. यात किती घोळ झालाय बघ. धोबी आणि धोतीला ध. ढोल आणि ढोलकला ढ. आपल्याकडे एकाचा उच्चार दातांपाशी, दुसऱ्याचा टाळ्यापाशी, आणि रोमनमध्ये दोघांना एकच डी-एच. आपल्या वर्णमालेत ख, घ, छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ अशी दहा महाप्राण अक्षरं आहेत. रोमनमध्ये ठ आणि थ एक झाले, ढ आणि ध एक झाले. दहांची आठच उरली. हा तोटा तुझी यादी सांगत नाही.

भाची : हे मी लिहून ठेवते.

मामा : अजून पुढे आहे. 'डाळ' बघ. मूळ हिंदी शब्द 'दाल'. त्यात महाप्राण आहे का कुठे? नाही. तरी इंग्रजांनी डी-एच-ए-एल लिहिलं. आपला 'द' त्यांच्या 'डी'पेक्षा वेगळा ऐकू येतो, तो दाखवायला एच ठोकून दिला. अंथरायच्या 'दरी'चंही तेच, तिथेही एच उगाचच आहे. तुझ्या यादीत खरा एच आणि खोटा एच शेजारी शेजारी बसलेत आणि दोघांना गुण मात्र सारखेच.

भाची : डाळ एचशिवायही मान्य आहे, डी-ए-एल. दोन्ही रूपं चालतात. पण मामा, खोटा एच हा फक्त आपल्या शब्दांवरचा अन्याय नाही. 'घोस्ट' घे. जुन्या इंग्रजीत त्यात एच नव्हता. कॅक्स्टनने १४७६ मध्ये इंग्लंडात छापखाना काढला. तो आणि त्याचे कारागीर फ्लँडर्सकडे काम केलेले. तिकडच्या सवयीने त्यांनी जीपुढे एच लावला, असं मानतात. म्हणजे इंग्रजी भुताच्या अंगात शिरलेला एच तुझ्याच धंद्यातल्या माणसांचा आहे.

मामा : जुळाऱ्यांचा! हे मला आवडलं. खिळे जुळवणाऱ्याच्या हाताची सवय पाचशे वर्षं टिकते, हे आमच्या धंद्यातल्या कुणालाही पटेल.

भाची : म्हणून जी-एचची यादी सर्वांत मिश्र आहे. घाट, घी, गझल, घेराव हे आपल्याकडून गेलेले किंवा आपल्यामार्गे गेलेले. 'घेट्टो' इटलीतून. 'घूल' अरबीतून. काकडीच्या लोणच्याचा 'घर्किन' डच. आणि 'घोस्ट' त्यांचा स्वतःचा. के-एचमध्ये खादी आणि खाकी शेजारी. त्यातही खाकीची गंमत आहे. स्क्रॅबलमध्ये के एकच असतो आणि खाकीला दोन के लागतात. दुसऱ्या केच्या जागी कोरा ठोकळा वापरावा लागतो आणि त्याला शून्य गुण. कागदावर १६ गुणांची खाकी बोर्डावर ११ गुणांची होते. हे अर्थ पाठ करणाऱ्याला कळणार नाही, ठोकळे मोजणाऱ्यालाच कळेल.

मामा : ठोकळे मोजायला मी नाही म्हणत नाही. मला खुपतंय ते निराळंच. तुझ्या यादीत 'ढाक' आहे. किती गुण?

भाची : १२. फार उपयोगी शब्द आहे. चारच अक्षरं, आणि के असलेला.

मामा : ढाक म्हणजे काय?

भाची : एक झाड.

मामा : कुठलं झाड?

भाची : ते नाही बघितलं.

मामा : पळस. घोडबंदरच्या बाजूला राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने फाल्गुनात जो केशरी फुलतो तो. बसमधून तू दर वर्षी बघतेस. आपण म्हणतो 'पळसाला पाने तीनच', हिंदीत म्हणतात 'ढाक के तीन पात'. हा शब्द तुझ्या वहीत आहे, झाड तुझ्या वाटेवर आहे, म्हण तुझ्या घरात आहे आणि तिघांची गाठ नाही. घोकंपट्टीवर माझा राग आहे तो एवढ्याचसाठी. ती खोटी असते असं मी म्हणत नाही. ती अर्ध्यावर थांबते.

भाची : हे मला मान्य आहे. ढाक म्हणजे पळस हे मला कळायला हवं होतं. पण मामा, अर्ध्यावर थांबलेल्याला पुढे नेता येतं. यादीच नसती तर सुरुवातही झाली नसती. २००७ साली स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा आपल्या मुंबईतच झाली. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स जिंकला, त्याचं ते पहिलं विश्वविजेतेपद. अंतिम फेरीत त्याच्यासमोर मलेशियाचा गणेश असिर्वतम होता. याच रिचर्ड्सने २०१५ मध्ये फ्रेंच भाषेची जागतिक स्पर्धा जिंकली. त्याला फ्रेंच बोलता येत नव्हतं. शब्दांची यादी डोक्यात घेऊन गेला होता. २०२४ मध्ये स्पॅनिशचीही जिंकली.

मामा : आणि हे तुला कौतुकाचं वाटतं? फ्रेंच बोलता न येणारा माणूस फ्रेंच शब्दांचा विजेता?

भाची : हो, वाटतं. तो फ्रेंच भाषेचा विद्वान असल्याचा दावा करत नाही. अक्षरांच्या जुळणीत त्याच्याइतकं कुणाला दिसत नाही, एवढंच त्याने दाखवलं. आणि आमच्यासारख्यांना त्याचा केवढा आधार आहे! २००३ मध्ये थायलंडचा पनुपोल सुज्जयाकोर्न विश्वविजेता झाला. थायलंडमध्ये हा खेळ शाळाशाळांत खेळतात, बँकॉकला किंग्ज कप नावाची मोठी स्पर्धा होते. ज्यांच्या घरी इंग्रजी नाही, त्यांनी यादीच्या जोरावर इंग्रजी घरातल्यांना हरवलं. अर्थ, उच्चार, लकब यांवर खेळ अवलंबून असता तर लंडनचा मुलगा आणि मीरा रोडची मुलगी समोरासमोर बसूच शकले नसते. यादीपुढे दोघं सारखे. ती दोघांनाही पाठच करावी लागते.

मामा : ही बाजू मी धरली नव्हती. ज्याच्याकडे भाषेची वडिलोपार्जित इस्टेट नाही, त्याला यादी दार उघडून देते, असं म्हणतेस.

भाची : तेच म्हणतेय. आणि क्यूची यादी बघ. यूशिवायचे क्यू. कव्वाली, फकीर, बुरखा, नकाब, तलाक, वक्फ. यांतले किती शब्द मला नव्याने शिकावे लागले? इथल्या नया नगर वस्तीतून क्लासला जाता-येता कानावर पडतातच. अरबीत घशातून येणारा क आहे, हिंदीत त्याला नुक्ता देतात, रोमनमध्ये त्याला क्यू दिला. लंडनच्या मुलाला ही यादी कोरडी पाठ करावी लागते. मला ती ऐकून माहीत आहे. फक्त स्पेलिंग शिकायचं.

मामा : तू आत्ता काय केलंस ते लक्षात आलं का? यादीतला शब्द रस्त्यावरच्या माणसांशी जोडलास. मी तेवढंच मागतोय.

भाची : पण ते खेळाबाहेर, मामा. घड्याळ चालू असताना नाही.

मामा : घड्याळ बंद झाल्यावर तरी करायचं की नाही? हे बघ, २०२५च्या जुलैत इथेच मराठीवरून मोर्चे निघाले. व्यापाऱ्यांचा निघाला, मग मराठी माणसांचा. त्या आठवड्यात आपल्या इमारतीत जो तो भाषेवर बोलत होता. मला त्या दिवसांत एक प्रश्न पडला. मराठी पाहिजे म्हणणाऱ्या घरांमध्ये मुलं मराठीत खेळतात का? भांडण मोठ्यांच्या भाषेत होतं, पण भाषा टिकते ती लहानांच्या खेळात. तुझं सगळं डोकं, सगळी जिद्द इंग्रजी अक्षरांवर खर्च होते, याचं मला वाईट वाटतं. तू कमी पडतेस म्हणून नाही. तुझ्यासमोर ठेवायला आमच्याकडे मराठीत तसा खेळ नाही म्हणून.

भाची : भेंड्या आहेत की. शब्दकोडी आहेत.

मामा : आहेत, आणि त्यांतही तुझ्या याद्यांसारखं शास्त्र आहे. मराठीत शब्द 'ळ'ने सुरू होत नाही, 'ण'नेही नाही. भेंड्यांत 'ळ' आला की 'ल' धरायचा, 'ण' आला की 'न', हे प्रत्येक घराला ठाऊक असतं. कोड्यात एका चौकोनात एक अक्षर, कानामात्रेसकट, जोडाक्षर असेल तर तेही पुरतं. पण ठोकळ्यांचा खेळ म्हटलं की अडतं. छापखान्यातही हेच अडायचं. इंग्रजी जुळारी थोड्या खणांत काम उरकायचा. देवनागरीला शेकडो खिळे लागायचे. जावजी दादाजींच्या निर्णयसागरची कीर्ती झाली ती इतक्या खिळ्यांचं देखणं वळण त्यांनी साधलं म्हणून.

भाची : ठोकळ्यांचा हिशेब मी करून बघितलाय. चौतीस व्यंजनं, प्रत्येकाची बारा रूपं. जोडाक्षरं सोडून ४०८ होतात. एवढे ठोकळे पिशवीत मावणार नाहीत. पण दुसरी वाट आहे. ठोकळ्यावर फक्त व्यंजन. कानामात्रा खेळणाऱ्याने मनाने लावायची. भ, ज, न हे तीन ठोकळे घेतले की भजन होतं, भोजन होतं, भाजून होतं, भिजून होतं, भजनी होतं. तिथे 'भ'ला एकच ठोकळा!

मामा : आणि मात्रा फुकट? मला नाही पटत. ऱ्हस्व-दीर्घाचं मग काय करशील? ज्या वेलांटीसाठी मी डोळे झिजवले, तिला तुझ्या खेळात किंमतच नाही.

भाची : किंमत देऊ. मांडणाऱ्याने शब्द कागदावर शुद्ध लिहून दाखवायचा. वेलांटी चुकली तर गुण कापायचे.

मामा : आणि अर्थ सांगायचा.

भाची : अर्थ विचारला तर सांगायचा. आपणहून नाही. नाहीतर खेळ पुढे सरकायचा नाही.

मामा : विचारायचा हक्क समोरच्याला असला तर मला चालेल. पण आधी बट्ससारखी मोजणी करायला हवी. मराठी वर्तमानपत्राची पानं घेऊन कुठलं व्यंजन किती वेळा येतं ते टिपायचं. ते काम मला दे. अक्षरं सुटी करून बघण्यात माझा हात बसलेला आहे.

भाची : गुण मी ठरवीन. आणि 'ळ'ला सर्वांत जास्त देणार नाही. सुरुवातीला येत नसला तरी मध्ये आणि शेवटी तो भरपूर येतो.

मामा : मोजून बघू, मग ठरवू.

दोघांचं एकमत झालं असं मी म्हणणार नाही. भावाच्या लेखी शब्द अर्थाशिवाय अपुरा आहे. मुलीच्या लेखी अक्षरांची जुळणी ही स्वतंत्र विद्या आहे आणि तिला दर वेळी अर्थाची परवानगी लागत नाही. मला दोघांचंही म्हणणं खरं वाटतं, आणि त्यातून एक काम समोर दिसतं.

मीरा रोडच्या कुठल्याही वर्गात मराठी, गुजराती, मारवाडी, हिंदी, उर्दू, कोंकणी बोलणाऱ्या घरांतली मुलं एका बाकावर बसतात. इंग्रजीच्या तासाला त्यांना वाटतं की हे शब्द दुसऱ्या कुणाचे आहेत आणि आपण ते उसने घेतो आहोत. त्या वर्गात शिक्षकांनी एक दिवस बी-एच, डी-एच, के-एच आणि यूशिवायचा क्यू अशा चार याद्या फळ्यावर लिहाव्यात. मग विचारावं, यातला कुठला शब्द कुणाच्या घरी बोलतात? धनसाक सांगायला गुजराती मूल उभं राहील, कव्वाली सांगायला उर्दूवालं, ढाक म्हणजे पळस हे मराठी मुलाने आजोबांना विचारून आणावं. इंग्रजीच्या पुस्तकात ज्यांना नेहमी मागचा बाक मिळतो, त्या मुलांना त्या दिवशी शिक्षकांपेक्षा जास्त येत असेल.

त्यानंतर त्यांनी याद्या खुशाल पाठ कराव्यात, स्पर्धा खेळाव्यात, जिंकाव्यात. यादीला दोन रकाने जास्त पाडायला फारसा वेळ लागत नाही. एकात अर्थ लिहायचा, दुसऱ्यात शब्द कुठून आला ते. मुलीच्या वहीत हे रकाने आता पडलेत. भावाने मराठी व्यंजनांची मोजणी सुरू केली आहे. ज्या घरांत अशी वही आहे आणि शेजारी मराठी जाणणारं एखादं वडीलधारं माणूस आहे, तिथे दोघांना एकाच टेबलापाशी बसवा. त्यांचा वाद होऊ द्या. मराठी मुलांना मराठीत खेळायला लावायचं असेल, तर खेळ रचण्याइतकं भाषेत खोल उतरावं लागतं. ते एकट्या अर्थवाल्याच्या किंवा एकट्या यादीवाल्याच्या हातून होणार नाही. त्याला दोघंही हवेत.